कर्वेनगर–एरंडवणे भागात दोघांनी निवांत बसून जेवावं असं साधंसं हॉटेल सुचवा

सांजवेळ

नमस्कार मंडळी,

पुढच्या आठवड्यात सासूबाई आमच्याकडे आहेत आणि लेकाला एक संध्याकाळ एकटीने सांभाळायला स्वतःहून तयार झाल्या आहेत. म्हणजे मी आणि नवरा, दोघंच, बाहेर! वाढदिवस नाही, लग्नाचा वाढदिवस नाही, काही नाही. त्यामुळे रूफटॉप, फुगे, 'कपल पॅकेज' असलं काही नको. चपला घालून जाता येईल, मेनूकार्ड वाचून घाम फुटणार नाही आणि दीड-दोन तास कोणी उठवणार नाही अशी जागा हवी आहे.

राहतो कर्वेनगरला, स्कूटरवरून वीस मिनिटांच्या आत पोचता आलं पाहिजे, कारण लेक रडायला लागला तर परतही तेवढ्यातच यायचंय. मी शाकाहारी. नवरा मासळी दिसली की बाकीचं मेनूकार्ड मिटवून ठेवतो. बजेट दोघांचं मिळून दीड हजार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. गोंगाट असला की तो नुसता हसून मान डोलावतो आणि मला कळतं की ह्याला शष्प ऐकू आलेलं नाही. मागे एका नव्या चकचकीत ठिकाणी गेलो होतो, तिथे शेवटी समोरासमोर बसून व्हॉट्सॲपवर बोललो. जेवण एक नंबर नसलं तरी चालेल, गप्पा व्हायला हव्यात.

पेठकर

वैशाली. विषय संपला.

चकली

पेठकर काका, शनिवारी संध्याकाळी वैशालीत बसून गप्पा मारून दाखवा. पुढचं कुटुंब तुमच्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं आणि तुमच्या वाटीत किती सांबार उरलंय ते मोजत असतं. तिथली एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) माझाही जीव की प्राण आहे, पण ती पटकन खाऊन दुसऱ्याला जागा द्यायची गोष्ट आहे.

पेठकर

मग सकाळी जा. सात-साडेसातला मागच्या मोकळ्या भागात बसा, इडली घ्या, वर फिल्टर कॉफी. जोडप्याने रात्रीच बाहेर जावं असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? किंवा गुडलकला जा. १९३५ पासून लोक तिथे बनमस्का आणि चहावर तासन् तास बसत आलेत, लग्नं जमलीत त्या टेबलांवर.

सांजवेळ

काका, सकाळी सातला लेकाची स्कूल व्हॅन असते. तेव्हा आमच्यात जे बोलणं होतं ते 'डबा भरलास का' एवढंच :)

झंप्या

दीड हजार रुपये घालवून पनीर खायचं? घरी पिठलं-भाकरी करा, गच्चीवर सतरंजी टाका. मस्त डेट.

चकली

झंप्या, भाकऱ्या कोण थापणार तेही लिहा.

कॅम्पकर

नदीच्या ह्या बाजूलाही जग आहे हो. महात्मा गांधी रोडवर मार्झोरिनच्या वरच्या मजल्यावर बसा, चिकन रोल आणि सँडविच घ्या, खाली रस्त्याची वर्दळ बघा. पोट भरायचंच असेल तर दोराबजी. १८७८ पासूनचं दुकान, बिर्याणी आणि धनसाक. किंवा थेट कोरेगाव पार्कात मलाका स्पाइस. आग्नेय आशियातलं जेवण, भिंतींवर चित्रं, शाकाहारी-मांसाहारी दोघांचीही सोय. गाडी काढूच नका, नळस्टॉपला मेट्रोत बसा, बंडगार्डनला उतरा, पुढे रिक्षा.

सांजवेळ

कॅम्पकर, सगळं मान्य, पण वीस मिनिटांत? आणि मलाका स्पाइसमध्ये दीड हजारात दोघांचं नीट जेवण होईल का?

कॅम्पकर

दीड हजारात नाही जमणार. लेक मोठा झाला की या.

नळस्टॉपवाला

मासळीचा प्रश्न आहे तर मला बोलावंच लागेल. तुमच्या अंतरात निसर्ग बसतं, नळस्टॉपच्या मागच्या बाजूला. कलिंगाही जवळच आहे. पण कुठे जायचं ह्याच्यापेक्षा कुठल्या वारी जायचं ते आधी ठरवा. पुण्यात मासळीच्या हॉटेलला बुधवार, शुक्रवार, रविवार पाय ठेवायला जागा नसते. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्म्या गावाचे उपास नाहीतर वार असतात, त्या दिवशी जा, राजासारखे बसाल. मंगळवार मधला आहे. अंगारकी आली तर तोही मोकळा. श्रावणात तर विचारूच नका, मालक स्वतः पाणी आणून देतो. मात्र गटारीच्या आसपास त्या रस्त्यानेही जाऊ नका.

अजून दोन गोष्टी. जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिकी बोटींना मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या सुरमईच्या गप्पांवर विश्वास ठेवू नका; खाडीचं काय आहे, गोड्या पाण्यातलं काय आहे ते विचारा. आणि मेनूकार्डवर भावाच्या जागी 'साइझप्रमाणे' लिहिलेलं असेल तर तळायला टाकण्याआधी आकडा विचारून घ्या. दीड हजाराचं बजेट एका पापलेटात संपू शकतं.

चकली

आणि सांजवेळ ताई काय खाणार तिथे? व्हेज कोल्हापुरी? मासळीच्या हॉटेलातली शाकाहारी भाजी हा एक वेगळाच उदास प्रकार असतो. सगळ्यांना एकच लाल ग्रेव्ही, नावं वेगळी.

नळस्टॉपवाला

हे मात्र खरं आहे. तिने सोलकढी, तांदळाची भाकरी आणि कुठली तरी उसळ मिळाली तर उसळ, एवढ्यावर भागवायचं.

सांजवेळ

वा! म्हणजे डेट त्याची आणि मासळीची.

हिंगाष्टक

कोणी थाळी कशी नाही सुचवली? श्रेयस आहे आपटे रोडला, दुर्वांकुर आहे टिळक रोडला, सुकांता डेक्कनला. ऑर्डर काय द्यायची यावरून वाद नाही, किती होणार ते आधीच माहीत, गाडी लावली की पोटभर जेवून बाहेर.

चकली

हिंगाष्टक, थाळी म्हणजे पंगत. तुम्ही वाक्य सुरू केलं की वाढपी हजर, 'भात?' वाक्य पुन्हा जुळवलं की 'आमटी?' मनातलं काही सांगायच्या टोकाला आलात की कोणीतरी तुमच्या पानात न विचारता जिलबी टाकून जातं. थाळी चार पाहुणे आले की उत्तम. दोघांसाठी नाही. (आणि इतकं जेवल्यावर बोलवतं कोणाला?)

हिंगाष्टक

आम्ही नवरा-बायको थाळीलाच जातो. न बोलता जेवतो. सुखी आहोत. दिवे घ्या.

ध्वनिलहरी

हॉटेलांची नावं चालू द्या, मी जागा कशी ओळखायची ते सांगते. माझं काम इंटिरियरचं, त्यात रेस्टॉरंटची बरीच झाली आहेत. सध्याची पद्धत म्हणजे उघडं काँक्रीटचं छत, रस्त्याकडे सगळी काच, खाली गुळगुळीत टाइल्स, लोखंडी खुर्च्या. फोटो सुरेख येतात. पण यातली एकही गोष्ट आवाज शोषत नाही, सगळ्या तो परत फेकतात. हॉल निम्मा भरला की शेजारच्या टेबलाचं बोलणं तुमच्यात मिसळतं, मग तुम्ही आवाज चढवता, मग ते चढवतात, आणि अर्ध्या तासात सगळा हॉल ओरडत असतो. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत मोठ्याने बोलतो, हे एत्येन लोम्बार नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९११ साली दाखवून दिलं होतं. त्याच्याच नावाने तो परिणाम ओळखला जातो.

त्यामुळे सांजवेळ, तुम्हाला नव्या चकचकीत जागेपेक्षा जुनाट दिसणारी जागा बरी. रेक्झिनचे गुबगुबीत बाक, पडदे, टेबलावर कापड, डोक्यावर ठेंगणं जुनं फॉल्स सीलिंग, मध्ये लाकडी पार्टिशन. नव्वदच्या दशकात जे 'फॅमिली रेस्टॉरंट' म्हणून सजवलं जायचं ते सगळं. दिसायला कसंही असो, आवाज पितं. शक्य असेल तर आदल्या दिवशी आठ वाजता दारात दोन मिनिटं उभं राहा. फोनवर आवाज मोजायची फुकट ॲप्स असतात. अचूक नसतात, पण दोन जागांची तुलना करायला पुरतात. आपलं साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. हॉल ७० च्या वर गेला की तुमच्या यजमानांची मान डोलायला लागणार.

आणि बसताना समोरासमोर बसू नका. चौघांच्या टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा, तुम्ही त्यांच्या उजव्या हाताला. म्हणजे चांगला कान तुमच्याकडे आणि डावा हॉलकडे. शिवाय समोरासमोरपेक्षा अंतरही कमी होतं. स्पीकरच्या खाली, किचनच्या दाराशी, बेसिनजवळ आणि पार्सल काउंटरला लागून बसायचं नाही.

सांजवेळ

ध्वनिलहरी, तुम्हाला साष्टांग. इतकी वर्षं मी बरोब्बर त्याच्या डाव्या बाजूला बसत आले आहे!

पेठकर

पार्सल काउंटरचं शंभर टक्के खरं. हल्ली हॉटेलात जेवणाऱ्यांपेक्षा डिलिव्हरीची पोरं जास्त. दर मिनिटाला दार उघडतं आणि कोणीतरी ऑर्डरचा नंबर ओरडतं. त्या पोरांचा दोष नाही, पण आपल्या टेबलाला ते ऐकावं लागतं. आमच्या वेळी उडप्याच्या हॉटेलात वरच्या मजल्यावर 'फॅमिली रूम' असायची. पुढे तिचीच एसी हॉल झाली, दोन-पाच रुपये दर जास्त. लोक ते दोन-पाच रुपये वाचवायला खाली बसतात, त्यामुळे वर अजूनही शांतता असते.

गल्ल्यावरचा

मी ह्या धंद्याच्या आतल्या बाजूने बोलतो. कर्वेनगरातच हॉटेल चालवायचो, कोविडनंतर आवरतं घेतलं.

शनिवार-रविवारी साडेआठ ते दहा ह्या वेळात आम्ही आठवड्याचं भाडं आणि पगार काढतो. त्या वेळात चार खुर्च्यांचं टेबल दोघांनी दोन तास अडवलं तर वेटर फडकं घेऊन भोवती घोटाळणारच. तो बिचारा आपल्या मनाने घोटाळत नाही, कॅप्टन मागून डोळे वटारत असतो. तेच जोडपं मंगळवारी सव्वासातला आलं तर आम्हाला देव आल्यासारखं वाटायचं. रिकामा हॉल बाहेरून बरा दिसत नाही, म्हणून दर्शनी, खिडकीचं टेबल आम्हीच द्यायचो. तेव्हा सांजवेळ ताई, वार मधला आणि वेळ लवकरची, एवढं केलंत तर ह्या भागातलं कुठलंही बऱ्यापैकी हॉटेल तुमचं आहे.

ऑर्डर सगळी एकदम सांगू नका. केओटी, म्हणजे ऑर्डरची चिठ्ठी, एकदा आत गेली की किचन वाट बघत नाही. सूप, स्टार्टर आणि मुख्य जेवण दहा मिनिटांच्या अंतरात टेबलावर येऊन पडतं, मग तुम्ही गार भाजी खात बसता. आधी एक-एक सोलकढी किंवा सूप, सोबत एखादं स्टार्टर. ते संपत आलं की पुढचं. रोट्या दोन-दोन करून. आणि बसल्या बसल्याच कॅप्टनला सांगून टाका, 'आम्ही निवांत आहोत, सावकाश येऊ द्या.' ही गोष्ट गिऱ्हाईक सांगत नाही आणि आम्हाला वाटतं सगळ्यांना घाईच आहे.

जेवण झाल्यावर बसायचं असेल तर बिल मागवू नका. बिल आणि बडीशेप टेबलावर आली की कॅप्टनच्या हिशेबात ते टेबल सुटलं. चहा सांगा, कॅरॅमल कस्टर्ड सांगा, काहीतरी चालू ठेवा.

चकली

गल्ल्यावरचा, हे सगळं आधी का नाही सांगितलंत? मी दर वेळी बिल मागवून मग अर्धा तास बोलत बसते आणि वर वेटरवरच चिडते.

गल्ल्यावरचा

दुकान चालू होतं तोवर कसं सांगणार? :)

आकडेमोड

बिलावरून आठवलं. बजेट दीड हजार म्हणताय तर कर धरून मोजा. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, बिलावर तो अडीच-अडीच असा केंद्राचा आणि राज्याचा दिसतो. १४०० चं खाल्लं तर १४७० होतात. पण बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज आधीच लावलेला असला तर १५४० वर ५ टक्के, म्हणजे १६१७. बजेट गेलं.

हा सर्व्हिस चार्ज द्यायची सक्ती नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसे निर्देश काढले, हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते निर्देश कायम ठेवले. तेव्हा 'हा काढून द्या' म्हणायला संकोच नको. वेटरला द्यायचे ते रोख त्याच्या हातात द्या.

झंप्या

म्हणजे डेटच्या शेवटी नवऱ्याने उच्च न्यायालयाचा निकाल वाचून दाखवायचा. बायको खूश.

आकडेमोड

म्हणून बसतानाच मेनूकार्डच्या शेवटच्या पानावरचं बारीक अक्षर वाचून घ्यायचं. तिथे लिहिलेलं असतं.

कॅम्पकर

ह्या धाग्यावर प्रेम सोडून सगळं आहे.

चकली

मग मी थोडं घालते. ताई, नुसतं जेवायला बाहेर पडलं की पहिली पंधरा मिनिटं लेक, फी, आणि टाकीवरचा बॉलकॉक हेच विषय निघतात. आधी काहीतरी मिळून बघा. रविवारी दुपारी यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात किंवा बालगंधर्वला नाटक असतंच. सुटल्यावर नाटकाला नावं ठेवत ठेवत हॉटेल गाठायचं. भूक लागलेली असते, विषय तयार असतो, आणि साडेआठची गर्दी यायच्या आत तुम्ही टेबलावर. नाटक बकवास निघालं तर आणखीच छान.

हिंगाष्टक

नाटक, दोन तिकिटं, मध्यंतरातला बटाटेवडा आणि वर जेवण, दीड हजारात?

चकली

बरं, मग झेड ब्रिजवर उभं राहा दोघं. फुकट आहे. :)

पेठकर

पार्किंगचं कोणीच बोललं नाही. एरंडवण्यातल्या गल्ल्यांत सम-विषम तारखेचं पार्किंग असतं. पाटी न वाचता गाडी लावाल आणि जेवून येईपर्यंत ती टेम्पोवर चढलेली असेल. मग वीस मिनिटांत घरी कसे पोचता ते बघू.

ध्वनिलहरी

बाहेरच्या मोकळ्या जागेत बसायचा पर्यायही धरा. वर छत नाही, त्यामुळे आवाज घुमत नाही, कानाच्या दृष्टीने सगळ्यात उत्तम. फक्त मुख्य रस्त्याला लागून नको, कर्वे रोडच्या हॉर्नपुढे कुठलंच प्रेम टिकत नाही. प्रभात रोड, भांडारकर रोडच्या आतल्या गल्ल्यांत बघा. ओडोमॉस पर्समध्ये ठेवा.

नळस्टॉपवाला

प्रभात रोडकडे ल प्लेझीर आहे, जागा छोटी, गर्दी असते, पण गोड खायला छान. जेवण दुसरीकडे करून केक तिथे, असाही बेत करता येईल. (मासे मिळत नाहीत म्हणून मी जात नाही असं नाही. बायको नेते.)

सांजवेळ

मंडळी, जाऊन आलो!

सोमवार निवडला (नळस्टॉपवाला, धन्यवाद), सव्वासातला पोचलो. जागा एरंडवण्यातच, एका जुन्या हॉटेलच्या वरच्या मजल्यावरचा एसी हॉल. मरून रंगाचे रेक्झिनचे बाक, पडद्यांवर कधीकाळची फुलं, कोपऱ्यात बंद पडलेलं कारंजं. ध्वनिलहरींनी वर्णन केलं होतं तस्संच. खाली जेमतेम पाच टेबलं भरलेली, वर आमच्याशिवाय एक आजी-आजोबा. आजोबा पेपर वाचत होते आणि आजी त्यांच्या ताटातले पापड खात होत्या.

काटकोनात बसलो. कॅप्टनला सांगितलं, निवांत आहोत. तो म्हणाला, 'बसा की, दहापर्यंत कोणी येत नाही वर.' नवऱ्याला सुरमई फ्राय मिळाली, भाव आधी विचारला. मला मसाले भरलेलं वांगं मिळालं, ते चक्क लाल ग्रेव्हीत नव्हतं. बिल तेराशेच्या आत, सर्व्हिस चार्ज नव्हता, त्यामुळे निकाल वाचायची वेळ आली नाही.

आणि बोललो. पहिली दहा मिनिटं बॉलकॉकवरच गेली, चकलीने म्हटल्याप्रमाणे. मग त्याने ऑफिसातली एक गोष्ट सांगितली जी म्हणे मला महिन्यापूर्वीच सांगून झाली होती. मला आठवेना. मग लक्षात आलं, तो सांगत होता तेव्हा मी पोळ्या लाटत होते आणि कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. ऐकू न येणं एकट्या त्याच्याकडेच नाहीये आमच्या घरात.

पावणेदहाला सासूबाईंचा मेसेज आला, 'झोपला. सावकाश या.'

चकली

अगं किती छान! नाव सांग ना हॉटेलचं.

सांजवेळ

नाही सांगणार. पुढच्या सोमवारी आम्हालाच टेबल मिळायचं नाही.

पेठकर

अस्सल पुणेकर झालात. अभिनंदन.

झंप्या

हा काय प्रकार आहे? सगळ्या गावाकडून सल्ला घ्यायचा आणि नाव लपवायचं? ॲडमिन, धागा बंद करा.

गल्ल्यावरचा

बंद पडलेलं कारंजं म्हणालात ना, मला कळलं कुठलं ते. काळजी करू नका, बोलणार नाही. त्या वांग्याचा मसाला तिथे जुन्या महाराजांच्या हातचा आहे, ते सोमवारी असतात, बुधवारी सुट्टी. एवढं लक्षात ठेवा.

नळस्टॉपवाला

कारंजं... मरून बाक... थांबा, मीही ओळखतो. सुरमईच्या आधी तिथे बोंबील मागवायला हवे होते.

मगरपट्टा_नवीन

नमस्कार, नवीन सदस्य आहे. सगळा धागा वाचला, फार उपयोगी. हडपसर बाजूला असं काही आहे का? दोघंही शाकाहारी, शनिवारीच जमतं.

पेठकर

शनिवारी? आधी गल्ल्यावरचा यांचा प्रतिसाद पुन्हा वाचा. मग नाश्त्याला जा.